विजेचे महिने

ऑक्टोबरातली दुपार. इगतपुरीपुढच्या एका फाट्यावर ज्योत्स्ना एसटीतून उतरली आणि आभाळ गडगडू लागलं, तशी ती आंब्याखाली जाऊन उभी राहिली. तोच समोरच्या शाळेतून एक तरुण धावत आला आणि मनगट धरून तिला थेट व्हरांड्यात घेऊन गेला.

“झाडाखाली नका थांबू,” एवढंच तो म्हणाला. हात मात्र... जरा उशिराच सुटला.

तो सोमनाथ, तिथला शिक्षक. ती नाशिक रोडची, संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला. ऊन, थंडी, पूर, वीज यांनी जिल्ह्यात कोणत्या ऋतूत किती माणसं दगावतात, याचा ती अभ्यास करत होती. त्यासाठीच गावोगाव हिंडत होती. वीज पडून कोण गेलं, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं पहिलं नाव धाकट्या भावाचं घेतलं. काळू. गुरं आणायला गेला होता, असाच झाडाखाली... पुढचं तिला विचारवलं नाही.

मग दर शनिवारी तो पाड्यांवरची माहिती घेऊन नाशिकला येऊ लागला. सीबीएस बसस्थानकाजवळच्या हॉटेलात चहा निवत राही आणि ती समजावत राही— ऋतूंमध्ये काही फरकच नाही, असं आधी धरून चालायचं. मग चाचणी लावून बघायचं, आकड्यांना ते पटतंय का.

“म्हणजे मी आलो काय, न आलो काय, तुम्हाला काही फरक पडत नाही, असं धरून चालू?”

“चाला,” ती बशीकडे बघत म्हणाली. “पण शनिवार चुकवून बघू नका.”

उन्हाळ्यात उत्तर हाती आलं. फरक योगायोगाचा नव्हता. विजेचे बळी भर पावसाळ्यात कमी होते. वळवाच्या आणि परतीच्या ढगांत जास्त. काळूला आपणच धाडलं म्हणून त्याची आई, भिमाबाई, अजून स्वतःला बोल लावत होती. तिला काय सांगू, असं सोमनाथनं विचारलं.

“महिने सांगता येतात,” ज्योत्स्ना हळूच म्हणाली. “त्या दिवशी काळूच का, ते माझ्या गणितात नाही.”

सोमनाथनं ते महिने शाळेच्या भिंतीवर ठळक रंगवले.

जूनमध्ये तिला पुण्यात नोकरी लागली. आईला एकटं टाकून त्याला गाव सोडवेना, आणि ‘थांबा’ म्हणायला जीभ रेटेना. ती गेली. पुण्यात वर्ष सरत आलं, पण शनिवारची संध्याकाळ काही केल्या सरायची नाही.

वैशाखात एका दुपारी ढग दिसले, तसा तिनं शाळेशेजारच्या ग्रामपंचायतीत फोन लावला. सोमनाथला कुणीतरी बोलावून आणलं. तिकडे आभाळ भरलंय का, तिनं विचारलं. अजून नाही, तो म्हणाला. फोन मात्र कुणीच ठेवेना.

“ज्योत्स्ना,” त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. “परत येशील? आई रोज तुझ्याबद्दल विचारते... आणि आज मीही विचारतोय.”

तिनं डोळे पुसले.

“नाशिकच्या कॉलेजात मी केव्हाच अर्ज केलाय,” ती म्हणाली. “तू विचारायची वाट बघत होते.”