स्पीकरमधली चरचर

खोटं वाटलं तर वाटू दे. मी शपथ घेत बसणार नाही, कारण शपथ घेतली की लोक जास्तच खोटं धरतात. पण हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

कोल्हापूर, मंगळवार पेठ. मागच्या वर्षीचा मार्च महिना. आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. गल्लीत आईस्क्रीमवाल्याची घंटी वाजत होती.

मी राजवर्धन. घरीच लॅपटॉपवर गाणी बनवतो. यात्रेची, लग्नाची, निवडणुकीची, जे येईल ते. त्या दिवसांत जोतिबाच्या यात्रेसाठी एका मंडळाचं गाणं हातात होतं.

माझं टेबल आणि वडिलांची खाट एकाच खोलीत. दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर.

वडील म्हणजे आबा. अमरसिंह पैलवान म्हटलं की आमच्या भागातले म्हातारे अजून हात जोडतात. पण आदल्या दिवाळीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्या हातानं शड्डू ठोकला की मैदान गप व्हायचं, तो हात चादरीवर नुसता पडून असायचा. आई त्यांना अजूनही सकाळी बदाम घातलेलं दूध पाजायची. निम्मं उशीवर सांडायचं.

तर त्या दुपारी मी गाणं ऐकत होतो. मध्येच स्पीकरमधून आवाज आला...

चर्र... चट्... चर्रर्र...

माझ्यासारख्याला हा आवाज नवीन नाही. लॅपटॉपवर ताण आला की स्पीकर असा चरचरतो. मी बफर, म्हणजे आवाजाला दिलेली सवड, वाढवला. चरचर तशीच. गाणं थांबवलं.

चरचर थांबली नाही.

मग नेहमीचे सगळे उद्योग केले. ड्रायव्हर काढून परत टाकला. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला, कारण अर्थिंग नसेल तर वायरीतून आवाज येतो. मोबाईल लांब ठेवला. फ्रिज बंद केला, तेव्हा आई ओरडली. शेवटी आवाज पूर्ण म्यूट केला.

पडद्यावर स्पीकरच्या चित्रावर काट आली. आणि आतून... चर्र... चट्...

थोड्या वेळानं तो आवाज आपोआप बंद झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत सुरू.

लक्ष्मीपुरीत सौमित्रचं दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेपासूनचा मित्र. त्याच्याकडं लॅपटॉप ठेवला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"घिऊन जा की मर्दा. एकदम टकाटक हाय. दिवसभर गाणी लावलीती, जरा म्हणून आवाज न्हाय."

घरी आणला. टेबलावर ठेवला. चर्रर्र...

मी चिडून सौमित्रला घरी बोलावलं. त्यानं आवाज ऐकला, मान हलवली आणि मागचं झाकण उघडलं. "स्पीकरच फाटलाय," म्हणाला. दोन्ही स्पीकरच्या बारीक वायरी त्यानं चिमट्यानं काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

आम्ही वाट बघितली...

चर्र... चट्... चट्...

सौमित्रनं वायरी परत जोडल्या, झाकण लावलं, पेचकस गोळा केले. चहा होत आला होता, तरी थांबला नाही. दारात चप्पल घालताना एवढंच म्हणाला, "राजू, इकून टाक ह्यो."

मीही तेच ठरवलं होतं. तेवढ्यात आईची हाक आली.

"राजू... आरं हिकडं बघ..."

आई खाटेजवळ उभी होती. आबांचा उजवा हात... महिनोन् महिने मेलेला तो हात... त्याचा अंगठा हलत होता. आबांचे डोळे लॅपटॉपवर होते. चरचर थांबली तसा अंगठाही थांबला.

दुसऱ्या दिवशी दोन बोटं हलली. तिसऱ्या दिवशी मूठ वळली. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी, अनुजा, तिनं आबांचा हात दाबून बघितला आणि थक्क झाली. "काका, पकड आली की ओ!"

आई देवापुढं बसून रडली. मग डोळे पुसत माझ्याकडं आली.

"ते काय वाजतंय ते वाजू दे. बंद करू नगंस."

खरं सांगतो, मलाही आनंद झाला होता. त्या आनंदापुढं भीती जरा मागं सरली. गाणं अर्धवट राहिलं, मंडळवाले फोन करून शिव्या घालत होते, पण लॅपटॉप मी चालूच ठेवला.

मग चरचरीत आणखी एक आवाज मिसळला.

चर्र... चट्... आणि मग... थप्.

बोटानं टिचकी मारावी तसा. सैल, ओला आवाज. थोडा वेळ चरचर, परत एक टिचकी. थप्.

मंडळाच्या गाण्यात खरी हलगी हवी होती म्हणून ज्ञानूला बोलावलं होतं. ज्ञानू म्हणजे केरबातात्यांचा मुलगा. केरबातात्या आबांच्या सगळ्या मैदानांचे हलगीवाले. ते जाऊन काही वर्षं झाली. जायच्या आधी मी त्यांची हलगी ह्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड केली होती. तेव्हा ते गच्चीवर उसाचं पाचट पेटवून बसले होते. हलगी शेकल्याशिवाय ते वाजवायचे नाहीत. कातडं तापून ताणलं की मगच टिपरूची काडी लावायचे. मी मात्र फक्त वाजवलेलं रेकॉर्ड केलं होतं. आगीचा आवाज माझ्याकडं कधीच नव्हता.

ज्ञानू आत आला. चरचर ऐकली आणि हातातली हलगी त्यानं हळूच खाली ठेवली.

"दादा, ही मशीन बिघडली न्हाय."

"मग?"

"पाचट जळतंय हे. हलगी शेकाय लागल्यात." त्यानं कान दिला. थप्. "अजून ढिली हाय. पर ही टिचकी... ही आमच्या म्हाताऱ्याची हाय."

मी आबांकडं बघितलं. आबा हसत होते. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होते.

ज्ञानू मला बाहेर घेऊन गेला आणि आबांच्या शेवटच्या कुस्तीची आठवण काढली. ती मी लहानपणापासून ऐकत आलोय. गारगोटीकडचं एक मैदान. दिवस मावळायला आलेला. सगळ्या कुस्त्या संपल्या होत्या आणि एक अनोळखी पैलवान आखाड्यात येऊन उभा राहिला. गाव सांगितलं नाही, वस्तादाचं नाव सांगितलं नाही. आबांकडं नुसतं बोट केलं. ही जोड कुणी लावली हे पंचांनाही सांगता आलं नाही.

आबांची एक पद्धत होती. केरबातात्यांची हलगी तापेपर्यंत ते आखाड्याबाहेर बसून राहायचे. तात्या तीन टिचक्या मारायचे. मग आबा शड्डू ठोकायचे आणि आत जायचे. त्या दिवशीही तसेच गेले. कुस्ती रंगली आणि वळवाचा पाऊस कोसळला. हलगी भिजली, ढिली पडली, वाजेना. पंचांनी कुस्ती सोडवली. कोण चीत नाही, कोण पट नाही. पावसात तो पैलवान कुठं गेला कुणाला दिसलं नाही.

आबा घरी येऊन एवढंच म्हणाले होते, "हात लई गार हुता त्याचा."

नंतर ते त्याची चेष्टा करायचे. पाहुणे आले की माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "माझी एक कुस्ती ऱ्हायलीया. आता ती ह्यो करणार. ढाक डाव लावायच्या जागी लॅपटॉप लावणार!" सगळे हसायचे. मीही हसायचो.

ज्ञानू हसला नाही.

"दादा, आमचा म्हातारा वाईट न्हवता. त्यो फकस्त हलगी वाजवतोय. जोड त्यो लावत न्हाय." मग म्हणाला, "हलगी तापायच्या आत हे घरातनं बाहीर काढा."

मी काढला. आईला न सांगता लॅपटॉप सौमित्रच्या दुकानात नेऊन कपाटात ठेवला.

घर शांत झालं... आणि आबांचा हात परत चादरीवर पडला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. दूध नाही, पाणी नाही. रिकाम्या टेबलाकडं बघत पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर फार दिवस काढणार नाहीत.

आई रिक्षानं लक्ष्मीपुरीत गेली आणि लॅपटॉप पदराखाली धरून घेऊन आली.

"आई, अगं तुला कळत न्हाय..."

"मला सगळं कळतंय." तिनं तो टेबलावर ठेवला. "हे असलं की त्यांचा हात हालतोय. नसलं की ते मरत्यात. तूच सांग, काय करू?"

ठेवला तरी हलगी तापली की आबा जाणार होते, काढला तरी जाणार होते. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

त्यानंतर टिचकी रोज घट्ट होत गेली. थप्... मग टप्... मग टण्. आबा उशीला टेकून बसायला लागले. स्वतःच्या हातानं दुधाचा पेला धरायला लागले. शेजारच्या बायका आईला कुठला नवस केला ते विचारत होत्या. मी रोज आवाज ऐकायचो.

यात्रा तोंडावर आली होती. दुपारची वेळ. आई खाली बसून तांदूळ निवडत होती. लॅपटॉप बंद होता, पडदाही मिटलेला होता. चरचर मात्र चालू होती.

आणि ती थांबली.

एकदम.

आईचा हात सुपात तसाच राहिला. मला आधी कळलं नाही. मग कळलं... आता शेकायचं काम उरलं नव्हतं.

टण्... टण्... टण्...

आबा उठले.

कुणाचा आधार न घेता खाटेवरून उतरले. खाली वाकून फरशीला हात लावला, कपाळाला लावला. आणि उजव्या हातानं शड्डू ठोकला. भांडी वाजली इतका मोठा.

मिटलेल्या लॅपटॉपातून हलगी कडाडली.

आबा वाकले. दोन्ही हात पुढं गेले आणि हवेतच घट्ट अडकले. पाय रेटत होते. फरशीवर मागं घसरत होते, परत पुढं जात होते. मान खाली दाबली जात होती. मानेवरच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. समोर कुणी नव्हतं.

"आबा!" मी धावलो. मागून त्यांच्या खांद्याला हात घातला...

त्या खांद्यावर आधीच कुणाचा तरी हात होता.

गार.

मी हात मागं घेतला. पुन्हा घालायचं धाडस झालं नाही. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि बघत राहिलो. आई हात जोडून काहीतरी पुटपुटत होती.

मग आबा कोसळले. हलगी अर्ध्या ठेक्यावर तुटली.

डॉक्टरांनी दुसरा झटका सांगितला. रडायला आलेल्या प्रत्येकाला आई एकच सांगत होती, "पालथं पडलं. पाठ लागली न्हाय त्यांची." जुने पैलवान मान डोलवायचे. आबा हरले नाहीत, एवढ्यावर तिनं ते दिवस काढले.

मीही तेवढंच धरून बसलो होतो. पाठ लागली नाही म्हणजे कुस्ती निकाली झाली नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो लॅपटॉप मी माळ्यावर टाकला. नवीन घेतला. वर्षभर काही झालं नाही. गाणी बनवली, कामं केली, हळूहळू झोपही लागायला लागली.

गेल्या आठवड्यात दुपारी काम करत बसलो होतो. नव्या लॅपटॉपवर.

चर्र... चट्... चर्रर्र...

मी बफर वाढवला नाही. ड्रायव्हर बघितला नाही. नुसता बसून राहिलो.

थप्.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ह्या वेळी "चालू ठेव" म्हणाली नाही, "बंद कर" पण म्हणाली नाही. ती लॅपटॉपकडं बघतच नव्हती. माझ्या उजव्या हाताकडं बघत होती. माऊसवर माझा अंगठा हलत होता. मी हलवत नव्हतो.

ज्ञानूला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग "दादा, काळजी घ्या," म्हणून फोन ठेवला.

माझं वजन एकोणसाठ किलो आहे. मी जन्मात कधी आखाड्यात उतरलो नाही. ढाक कशी लावतात, मला खरंच माहीत नाही.

टिचकी अजून ढिली वाजते. रोज कान देऊन ऐकतो.

आणि आता रोज सकाळी आई माझ्यासमोर आबांचा तो मोठा पेला ठेवते. बदाम घातलेलं दूध.

मी ते पितो.