कोऱ्या जागेची तारीख

नगरच्या सैनिक कचेरीतला कादर कारकून म्हणजे देवमाणूस. मरणाची बातमीसुद्धा आधी पाणी पाजून सांगायचा. बाहत्तर सालचा जून, आभाळात टिपूस नाही, आणि भर दुपारी तिसगावची राहीबाई त्याच्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. तिचा मुलगा गहिनीनाथ लढाईत बेपत्ता झाल्याला सहा महिने झाले होते.

"भाऊ, माजा गहिनीनाथ जित्ता हाय का न्हाई, तेवढं कागदावर बघून सांगा."

पुण्याहून यंत्रानं छापलेली यादी सकाळीच आली होती. कादरनं बोट फिरवलं. गहिनीनाथच्या नावापुढं, मृत्यूच्या रकान्यात, तारीख होती : १ जानेवारी १९७०. तो आधी दचकला, मग हसायलाच लागला.

"मावशी, पेढे वाटा! अहो, लढाई झाली एकाहत्तरला, आणि हे शहाणं यंत्र त्याला सत्तरातच मारतंय! ते दिवस मोजतं एक जानेवारी सत्तरपासून. जागा कोरी सोडली की शून्य धरतं, आणि शून्य म्हणजे तोच पहिला दिवस. हे बघा, बाकीच्या अकरा बेपत्तांनाही तीच तारीख. म्हणजे मेल्याची नोंदच नाही!"

राहीबाई हसली नाही.

"मास्तरांनी सत्तरचं नवं क्यालिंडर दिलं, त्योच दिस न्हवं?" ती हळूच म्हणाली. "त्या दिशी त्यो हिरीत पडला हुता, भाऊ. दुपारी काढला... थंडगार. तिरडी बांधली. अन् सांजच्याला उठून बसला. समदे म्हनले, देव पावला. पर तवापासनं त्याला ना भूक, ना घाम. पलटणीत गेला तवा मला बरंच वाटलं... आई असून."

"शुद्ध हरपली असेल हो," कादर म्हणाला. "थांबा, पुरावाच दाखवतो."

यादीसोबत कार्डं आली होती. यंत्राला वाचता यावं म्हणून प्रत्येक आकड्याला, अगदी शून्यालाही, एक भोक पाडलेलं. जागा कोरी, तर भोक नाही. तो एकेक कार्ड खिडकीच्या उन्हात धरू लागला. अकरा कार्डांवर तारखेची जागा साफ कोरी. बारावं, गहिनीनाथचं, धरलं, आणि तारखेच्या जागेतून त्याच्या मनगटावर उन्हाचे सहा ठिपके पडले. त्यानं दोनदा ताडून पाहिलं. शून्य एक, शून्य एक, सत्तर. पुण्यात कुणाला ठाऊक असणार तिसगावची विहीर?

"काय निघालं, भाऊ?"

खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. "मावशी... इथं जागा कोरी नाही."

राहीबाईनं पदर तोंडात कोंबला. "मला ठावं हुतं," ती म्हणाली. "पर वेडी आशा हो..."

मग तिनं दाराकडं पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"आता त्याला काय सांगू? परवाच घरी आलाय त्यो... भाईर पायरीवर बसलाय. म्हनला, आये, मी हाय का न्हाई, कागद काय म्हनतो तेवढं बघून ये."