ओवीची दुसरी ओळ

इंझोरीची केशरबाई वाशीमला निघाली ती नवऱ्याच्या, गोविंदाच्या मोटारसायकलवर मागं बसून. एसटीत ती पायच ठेवायची नाही. चार वर्षांपूर्वी तिची थोरली जाऊ तुळसाबाई दवाखान्याच्या बंद खोलीत वारली, अन् तेव्हापासून कोणी नुसतं दार लोटलं तरी केशरबाईला घाम फुटायचा. पुण्याला लेकीला मुलगी झाली, नात तीन महिन्यांची झाली, अन् ह्या आजीबाईनं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. सांगा आता!

समुपदेशक ज्योत्स्नाताई आठ महिने दर मंगळवारी तिच्याशी बोलल्या. अशा बोलण्यानं मेंदूत काय फरक पडतो, हाच त्यांचा अभ्यास. मेंदूच्या पहिल्या स्कॅनला केशरबाई मशीनमध्ये दोनच मिनिटं टिकली, पण तेवढ्यातही भीतीची जागा निखाऱ्यासारखी लाल दिसली होती. आज दुसरा स्कॅन होता.

"आज वीस मिनिटं आत राह्यल्या, तं पुण्याची गाडीही जमते तुमाले," ताई म्हणाल्या.

पोटावर श्वास मोजायचा पट्टा, कानांवर हेडफोन, अन् केशरबाई त्या पांढऱ्या बोगद्यात सरकली. आत गारठा, स्पिरिटचा वास, छत अगदी नाकापुढं. मग मशीन घरघरू लागलं... तिनं डोळे गच्च मिटले.

"आवडीचं मानूस आठवा," कानात ताई म्हणाल्या. "मनातल्या मनात. ओठ हलवू नका." अन् आवाज बंद झाला.

त्या घरघरीनं तिला जातं आठवलं. नव्या नवऱ्या असताना दोघी जावा समोरासमोर दळायला बसायच्या. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची, ही त्यांची रीत. केशरबाईनं मनातच ओळ टाकली:

जवारी मोत्यावाणी बाई, भरली सुपात...

अन् हेडफोनमधून कोणीतरी ती उचलली:

नात आली, हसते बाई, आईच्या रूपात.

आवाज तुळसाबाईचा! ओळ संपताना तिला दम लागायचा, तोही तसाच. घाबरायला हवं होतं की नाही? पण केशरबाईला इतका आनंद झाला की तिनं लगेच दुसरी ओवी टाकली, मग तिसरी. तुळसाबाई गेली तेव्हा लेकीचं लग्नही ठरलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं तोवर वीस मिनिटं सरली होती.

"गानं कोनं लावलं व्हतं, ताई?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"गानं? माइक तं बंद होता..."

पण बातमी मोठी होती. भीतीची जागा शांत दिसत होती. गोविंदानं तिथूनच लेकीला फोन लावला. "तुही माय येऊन राह्यली... एसटीनं," एवढंच त्यानं दोनदा सांगितलं. केशरबाई हसत हसत पदरानं डोळे पुसत होती.

एवढ्यात तिला पडद्यावर एक रेघ दिसली. वर जायची, खाली यायची.

"हे कायची रेघ, ताई?"

"तुमचा श्वास," ताई म्हणाल्या, अन् थबकल्या. पट्टा तर केव्हाच सोडला होता. काचेपलीकडं, मशीनच्या रिकाम्या फळीवर तो पडला होता... अन् रेघ चालूच होती, धापा टाकल्यासारखी.

ताईंनी खुर्ची घट्ट धरली. केशरबाई मात्र काचेला नाक लावून तोंडभर हसली.

"दम खाय बाई थोडा," ती हळूच म्हणाली. "लय गायली तू."

पडद्यावरची रेघ थांबली... मग एक लांब, निवांत श्वास वर चढला.