मातीनाक

रोज सकाळी वाटाण्याच्या वाफ्यात उतरण्याआधी हेमलता फाटकावरच्या मातीनाकाकडे एकदा बघून घ्यायची. जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र, समोर आलेल्या माणसाच्या चपलेला, कपड्याला लागलेली, नखांत अडकलेली माती लांबूनच हुंगायचं आणि तिच्यात मर रोगाची बुरशी आहे का ते सांगायचं. हिरवा दिवा म्हणजे स्वच्छ, लाल म्हणजे लांब राहा. तीन महिने दिवा हिरवाच होता. फाटकाशी कुणी आलंच नव्हतं.

मर रोगानं नऊ वर्षांत राज्यातला वाटाणा संपवला होता. फुलोऱ्यात आलेली झाडं मुळाकडून पिवळी पडत आणि आठवड्याभरात माना टाकत. शेवटी एका प्रयोगशाळेनं बियाण्यात एक राखणदार जिवाणू वसवला. मुळांवर त्याचं बस्तान बसलं की बुरशी फिरकणार नव्हती. पण बस्तान बसायला बियाण्याच्या तीन पिढ्या जायला हव्या होत्या, आणि तोवर त्याला निर्मळ माती हवी होती. ती सापडली महाबळेश्वरच्या थंडीत, कधीच वाटाणा न लावलेल्या एका घराच्या परसात. तिथं पाच महिने एकट्यानं राहील असं माणूस हवं होतं.

हेमलता एसटीत तीस वर्षं कंडक्टर होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. "जन्मभर गर्दीत उभी राहिलेय, थोडी शांतता चालेल मला," असं तिनं मुलाखतीत हसून सांगितलं होतं.

ऑक्टोबरअखेर तिनं प्रयोगशाळेत तयार झालेलं पहिल्या पिढीचं बी भिजवून दोन-दोन बोटं खोल टोकलं. रोपं वीतभर झाल्यावर काटक्या रोवल्या. किराणा-भाजी यायची ती मागच्या भिंतीतल्या वाफेच्या पेटीतून शेकून, त्यामुळे सगळ्या भाज्यांना एकच चव. डिसेंबरात एकदा तिला शिंक आली आणि स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. दुपारी खुर्ची टाकून ती वेलींचे तणावे बघत बसे. आधार चाचपत ते हवेत हलत. एकदा तिनं काटकीऐवजी बोट पुढं केलं. तासाभरात तणाव्यानं बोटाला हलकासा वेढा घातला. पाय बधिर होईतो ती तशीच बसून राहिली. मग हळूच तो सोडवून काटकीला लावून दिला.

जानेवारीत, शेंगा भरू लागल्या तेव्हा, एका दुपारी मातीनाक वाजलं. दिवा लाल होता.

फाटकाबाहेर आक्का उभी होती. तिची थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची. सासवडहून दोन गाड्या बदलून आलेली. गेली दोन वर्षं तिला विसर पडत चालला होता.

"हेमे, दार उघड की गं. पाय दुखायला लागलेत."

"आक्का, एकटी आलीस? प्रमोदला सांगितलंस?"

"सांगितलं असेल," आक्का म्हणाली. प्रमोद तिचा मुलगा.

हेमलतानं तिला चपला काढायला लावल्या. आतून नळी सोडून जाळीतून तिचे पाय धुतले. दिवा लालच राहिला. लुगड्याच्या काठाला सासवडच्या शेताची माती होती, जिथं मर रोग पहिल्यांदा पसरला.

तिनं प्रयोगशाळेत डॉ. तांबोळींना फोन लावला.

"गाडी पाठवते, पण तीन तास लागतील," त्या म्हणाल्या. "हेमाताई, एक कण आत गेला तर सगळं गेलं. हे बियाणं दुसरीकडं कुठंच नाही."

"मीच बाहेर तिच्याजवळ जाऊन बसते."

"मग एकवीस दिवस परत आत येता येणार नाही. पहाटे दव गोठतंय. झाडांवर कापड कोण घालणार?"

हेमलतानं भिंतीवरून घोंगडी आणि चहाचा थर्मास खाली सोडला. आक्कानं घोंगडी अंगाभोवती घेतली, चहाला हात लावला नाही. मग हेमलता जाळीच्या आत जमिनीवर बसली आणि बुरशीचं, बियाण्याचं, सगळं समजावून सांगू लागली. आक्का नीट ऐकायची, मान डोलवायची आणि थोड्या वेळानं म्हणायची, "बरं. आता उघड."

चार वेळा असं झालं. पाचव्यांदा आक्कानं विचारलं, "मी काय केलं गं, हेमे?"

गाडी आली तेव्हा आक्का उठून तिच्यात बसली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

मार्चमध्ये शेंगा वेलीवरच वाळल्या, हलवल्या की खुळखुळू लागल्या. दुसरी पिढी निरोगी निघाली होती. डॉ. तांबोळींनी फोनवर अभिनंदन केलं. हेमलता तिथून थेट सासवडला गेली.

आक्का ओसरीवर खाटेवर बसली होती. हेमलताला बघून तिनं तोंड फिरवलं.

"ही दार उघडत नाही," ती प्रमोदला म्हणाली.

प्रमोद ओशाळला. "मावशी, मनावर घेऊ नकोस. जेवलेलं विसरते, माझं नाव विसरते. हे मात्र तेवढं राहिलंय."

हेमलता तिथंच राहिली. गणपती येईपर्यंत आक्का तिच्या हातून जेवू लागली होती. तेवढ्यात डॉ. तांबोळींचा फोन आला. तिसऱ्या, शेवटच्या पिढीसाठी त्या पुन्हा याल का म्हणून विचारत होत्या.

"आक्काला घेऊन आले तर?" हेमलतानं विचारलं. "पहिल्या दिवसापासून आत."

"एकवीस दिवस दोघींची तपासणी करू, जमेल ते. पण फाटक बंद झाल्यावर त्यांना घरी जावंसं वाटलं तर? तिथं उभं राहून त्या दार उघड म्हणाल्या, तर काय कराल?"

हेमलता उद्या कळवते म्हणाली.

संध्याकाळी ती खाटेवर आक्काशेजारी बसली आणि तिला सगळं सांगितलं. थंडी, बाग, पाच महिने, बंद फाटक. आक्कानं नीट ऐकून घेतलं.

"आपण दोघीच?"

"दोघीच."

"मग किल्ली कुणाकडं राहणार?"