फोटोत आहे त्याप्रमाणे

परिसरातल्या लोकांनी फोनवर एक गट काढला होता. नाव, 'नको असेल तर द्या'. घरात नको झालेल्या वस्तूचा फोटो गटावर टाकायचा, ज्याला हवी त्यानं येऊन घेऊन जायची, पैशाचं नाव काढायचं नाही. हेतू उदात्त होता आणि उदात्त हेतूंचं पुढे जे होतं तेच याचंही झालं. एका गृहस्थांनी एकच बूट दिला, दुसरा सापडला की कळवतो म्हणाले. एका बाईंनी व्यायामाची सायकल दिली. ती तीन घरी हिंडली, प्रत्येक घरी महिनाभर तिच्यावर कपडे वाळले, आणि शेवटी मूळ मालकिणीच्याच दारात येऊन उभी राहिली. तरी गट जोरात चालला, कारण फुकट म्हटलं की गरज आपोआप उत्पन्न होते.

गटाचा नियम सोपा होता. नेणाऱ्यानं वस्तू आपल्या घरी मांडून तिचा फोटो टाकायचा आणि तो पाहून देणाऱ्यानं खाली 'पोचलं' असं लिहायचं. तोवर देणाऱ्याचं मन फिरलं तर वस्तू परत मागता येत असे. 'पोचलं' लिहिल्यावर नाही.

तपासनीसांना हा नियम आवडला. बत्तीस वर्षं ते इमारतींच्या लिफ्ट तपासत होते आणि कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी तिच्यावर वजन टाकून बघावं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं. गटावर त्यांनी स्वतः मात्र आजवर काही दिलं नव्हतं. दिली ती पहिली वस्तू म्हणजे ताईची खुर्ची.

ताई त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे सहा वर्षांचे होते. ताईनं एका शाळेच्या कचेरीत टायपिंग करून यांना वाढवलं, शिकवलं, आणि या भानगडीत तिचं लग्न राहून गेलं. घरात सगळे असंच म्हणत, 'राहून गेलं'. जशी एखादी छत्री दुकानात राहून जाते. ती कोणापायी राहिली हे कोणी काढत नसे. गेली वीस वर्षं ताई त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत, एका बुटक्या आरामखुर्चीत बसून होती. तिथून तिला अख्खं घर दिसे. बोलण्याआधी ती दोनदा घसा खाकरे आणि मग विचारी, "धाकट्या, गॅस बंद केलास का?" किंवा, "धाकट्या, बायकोवर कशाला डाफरलास?" तपासनीस अठ्ठावन्न वर्षांचे झाले होते. गॅस बहुधा चालू राहिलेला असे आणि ते डाफरलेलेही असत. त्रास होता तो तिच्या बरोबर असण्याचाच.

मग ताई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि चालायला लागेपर्यंत सहा आठवडे तिला एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, यापुढे बुटकी खुर्ची बंद. हे त्यांनी सहज सांगितलं, पण तपासनीसांच्या घरात ते वाक्य तीन दिवस पाहुण्यासारखं राहिलं. बाहेरगावी नोकरी करणारी त्यांची मुलगी परत घरी राहायला येणार होती, तिचं ऑफिस लॅपटॉपवरच, म्हणजे दार लावता येईल अशी खोली हवी. ताईची कॉट हॉलच्या कोपऱ्यात मावली असती. कोणी काही ठरवलं नाही. कपाटावर धूळ बसते तसा निर्णय बसला.

आता खुर्चीचा फोटो हवा. खुर्चीवर कपड्यांचे गठ्ठे पडलेले, म्हणून तपासनीसांनी फोनमधले जुने फोटो चाळले, तर एकाही फोटोत खुर्ची रिकामी नव्हती. शेवटी त्यातल्या त्यात बरा एक निवडला. खुर्ची, पायांखालचं स्टूल, छोटं टेबल, दिवा, आणि मध्ये चष्म्यावरून रोखून बघणारी ताई. बायको म्हणाली, ताईंना कापा. त्यांनी कापून पाहिलं, तर खुर्चीचा एक हात ताईबरोबर गेला. मग राहू दिलं. खाली सरकारी सवयीनं लिहिलं, 'फोटोत आहे त्याप्रमाणे. सगळं एकत्र न्यावं. थोडी कुरकुरते, पण मजबूत आहे.'

चार मिनिटांत उत्तर आलं. 'फोटोत आहे त्याप्रमाणे सगळं हवं आहे.'

त्याच संध्याकाळी ते केंद्रात गेले. ताईनं खाकरून विचारलं, खोलीत कोणी ढवळाढवळ तर करत नाही ना? तपासनीस म्हणाले, "तुझी खोली आहे तशी आहे. मी नुसती पुसतो." मग त्यांनी तिच्या खांद्यावरची करडी शाल उगाचच नीट केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला एक बाई टेम्पो घेऊन आली. पन्नाशीची, नीटनेटकी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिनं खुर्ची हलवून पाहिली नाही, की उलटी करून वाळवी पाहिली नाही. तिनं प्रश्न विचारले. उजेड डावीकडून लागतो ना? चहा चारला की साडेचारला? दुपारी दार उघडं चालतं की लोटून घ्यावं लागतं? तपासनीसांनी एकदा विनोद करून पाहिला, की खुर्ची चहा घेत नाही. ती हसली नाही; उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग त्यांनी सगळं सांगितलं. डावीकडून. साडेचारला. लोटून. टेम्पो कोपऱ्यावर वळला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आपण खुर्चीबद्दल एक अक्षर बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी गटावर फोटो आला. खुर्ची एका खिडकीशी मांडली होती, दिवा डावीकडे, टेबलावर कप. खुर्चीच्या हातावर करड्या रंगाची शाल होती. एका कोपऱ्याला निळ्या दोऱ्यानं रफू केलेली, कारण त्या दिवशी घरात करडा दोरा नव्हता.

तपासनीसांनी 'पोचलं' लिहिलं नाही. ते केंद्रात गेले.

ताईच्या अंगावर शाल नव्हती. तिथल्या मावशी म्हणाल्या, धुवायला गेली असेल, सापडेल. ताईनं घराबद्दल काही विचारलं नाही. खिडकीकडे बघत ती म्हणाली, "ती लाल शिडी गंजलीय रे. कोणी रंगवत कसं नाही?" खिडकीबाहेर चार फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत होती. तपासनीसांनी वाकून वर पाहिलं, खाली पाहिलं. भिंतच होती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, औषधांनी असं होऊ शकतं. 'होऊ शकतं' हा शब्दप्रयोग तपासनीस स्वतःही अहवालात वापरत. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

पुढच्या खेपेला नर्सनं सांगितलं, आठवड्यात वजन नऊ किलो उतरलंय, बहुतेक काटा बिघडलाय. तपासनीस काट्यावर स्वतः उभे राहिले. काटा बरोबर होता. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, थोडं आठवल्यासारखं केलं आणि मग म्हणाली, "धाकट्या." त्याआधी ती खाकरली नाही.

गुरुवारी अर्धी रजा टाकून त्यांनी चष्मेवालीचा पत्ता गाठला. तिसरा मजला. लिफ्ट उत्तम ठेवलेली, वंगण वेळच्या वेळी. त्यांना जरा धीर आला. दार उघडताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच आडव्या झाल्यात."

तपासनीस आत आले. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती. टाकीला लाल शिडी होती. गंजलेली. टेबलावर ताईचा चष्मा घडी करून ठेवला होता. त्यांनी खुर्चीच्या गादीवर तळहात टेकवला. गादी बसकी होती आणि कोमट होती.

आतलं दार लोटलेलं होतं.

दारामागे कोणीतरी दोनदा खाकरलं.

"कोण आलंय गं?"

तपासनीसांचा हात गादीवरच राहिला. चष्मेवाली त्यांच्याकडे बघत होती. रागानं नव्हे, कामाला आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"तुम्ही अजून 'पोचलं' लिहिलं नाहीत," ती म्हणाली. "परत हवं असेल तर आत्ता सांगा. नेऊ शकता."

लिफ्टला एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ गेला. तेवढ्यात त्यांना हॉलचा कोपरा दिसला. कॉट, कॉटखालचं भांडं, मुलीचं लावलेलं दार, बायकोचे मिटलेले ओठ, आणि सकाळपासून प्रत्येक गोष्टीला, बरोब्बर प्रत्येक गोष्टीला, 'धाकट्या'.

"बऱ्या आहेत ना त्या इथं?" त्यांनी विचारलं. 'त्या' म्हणाले. आपल्याच बहिणीला.

"आत जाऊन विचारा की."

ते आत गेले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला. शुद्धलेखनाची चूक झाली नाही.

'पोचलं.'

चष्मेवालीच्या हातातला फोन टिंग वाजला. ती पुढे झाली आणि आतलं दार तिनं नीट लावून घेतलं. तपासनीस जिना उतरून खाली आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते लिफ्ट असताना जिन्यानं उतरले. खाली पोचेपर्यंत गटावर पंधरा अंगठे आणि एक फुलांचा गुच्छ येऊन पडला होता.

सहा आठवडे भरले तसं रविवारी त्यांनी ताईला केंद्रातून घरी आणलं. ती तिथे होती. चाकाच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. त्यांना इतकं हायसं वाटलं, की गुरुवारची दुपार म्हणजे रक्तदाब असावा असं त्यांनी ठरवूनही टाकलं. मग ते घराच्या लिफ्टपाशी आले. ही लिफ्ट जुनी. साधं दप्तर आत ठेवलं तरी तिची जमीन अर्धं बोट खाली बसायची, हे तपासनीसांना पाठ होतं. त्यांनी ताईची चाकाची खुर्ची आत ढकलली आणि आपण बाहेरच थांबून खाली वाकून पाहिलं.

लिफ्ट खुर्चीपुरती बसली. त्यापुढे कणभरही नाही.

घरात सगळे खूश होते. बायको म्हणाली, "किती शांत झाल्यात हो." जिथे बसवावं तिथे ताई बसे, जे वाढावं ते खाई. टोकणं नाही, विचारणं नाही. मुलीला खोली मिळाली. तपासनीस मात्र गॅस बंद आहे का हे दिवसातून तीन-तीनदा बघू लागले. ताई त्यांना म्हणे, "बसा ना. तुमचं घर छान आहे." डॉक्टर म्हणाले, या वयात असं होऊ शकतं.

मंगळवारी त्यांना राहवेना. ते तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. म्हणाले, "ताई, तुझी खुर्ची मी देऊन टाकली. तुला न विचारता. आणि तुझ्याशी खोटं बोललो." तिनं चार शिव्या घालाव्यात, निदान तोंड फिरवावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

"चांगलं केलंत," ती म्हणाली. "लोकांना गरज असते."

बुधवारी दुपारी बायको बाहेर गेली होती. मुलगी दार लावून कामात. तपासनीस हॉलमध्ये जेवायला बसणार तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. त्यांनी उचलला.

पलीकडे दोनदा खाकरणं ऐकू आलं.

"धाकट्या, मी बोलतेय. दुसऱ्याच्या फोनवरून करतेय, माझा सापडत नाही." आवाज खणखणीत होता, जरासा दमलेला. "अरे, रविवार होऊन गेला की. तू न्यायला येणार होतास ना? मी पिशवी भरून बसलेय."

समोर, कोपऱ्यातल्या कॉटवर, ताई हात मांडीवर ठेवून बसली होती. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणून सभ्य माणसं करतात तशी ती भिंतीकडे बघत होती.

"धाकट्या? ऐकतोयस ना?"

त्यांना 'हो' म्हणायचं होतं. 'हो' तोंडात तयारही होतं.

"राँग नंबर," ते म्हणाले.

पलीकडे ताई फोन बाजूला धरून कोणाशी तरी बोलली, समजुतीच्या सुरात. "नाही गं. हा तो नव्हे."

फोन बंद करायचा राहून गेला असावा. तपासनीस तो कानाशी धरून उभे राहिले. बराच वेळ, सावकाश, पिशवीतून एकेक वस्तू काढून परत जागेवर ठेवल्याचा आवाज येत होता.