बिनकागदाची बाटली

"कागद?" मी विचारलं.

"कसला कागद? अर्धा लिटर ॲसेटिक अनहायड्राइड फक्त!" हेल्मेट काढत तो म्हणाला. केस कपाळाला चिकटलेले, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नकोच.

सांगलीतलं हे केमिकलचं दुकान माझ्या वडिलांचं, अण्णांचं, पण विक्री माझ्या ताब्यात. त्यालाही कारण आहे. तीन वर्षांपूर्वी अण्णांनी नुसत्या ओळखीवर याच केमिकलचा कॅन एकाला दिला आणि तो गर्द बनवणाऱ्यांकडे सापडला. सहा महिने अण्णा पोलीस ठाण्यात हेलपाटे घालत होते. आता पुन्हा तसं घडलं तर दुकानाला कुलूपच! म्हणून मी सख्ख्या मामालाही बिनकागदाचं देत नाही.

"मी जयराज चौगुले. कराडला कॉलेजात शिकवतो. प्रॅक्टिकलला मुलं ॲस्पिरिन बनवणार आहेत. मी काय गर्दवाला दिसतो?"

"ते असेच दिसतात. गोड."

जीभ चावली मी... तो मात्र खुशाल हसला.

"प्राचार्यांचं सही-शिक्क्याचं पत्र आणा," मी कसंबसं म्हणाले.

पुढच्या गुरुवारी पत्र आलं, शिक्का नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारी शिक्का होता, पण सही भलत्याचीच.

"मुद्दाम छळताय तुम्ही!"

मग मी त्याला अण्णांची सगळी हकीकत सांगितली. त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"बरं... आणि तुम्ही?" मी म्हणाले, "सत्तर किलोमीटर येता. पत्राचा फोटो पाठवून विचारता येत नव्हतं?"

तो बाटल्यांवरची नावं वाचायला लागला. कान लालबुंद! खरं सांगू? गुरुवारी मी वेणी दोनदा घालायचे.

चौथ्या गुरुवारी मी आईला दवाखान्यात नेलं होतं. परतले तर अण्णा गालातल्या गालात हसत होते.

"मास्तर येऊन गेला. दिली बाटली."

"आणि पत्र?"

"आगं, घरच्या माणसाला कसलं पत्र? मला काय दिसत न्हाई व्हय? लय चांगला हाय पोरगा."

दुकानाची धास्ती तर होतीच, पण त्यानं घेतली कशी? सगळं माहीत असून घेतली! अण्णांसमोर रडू नये म्हणून मी उगीच काउंटर पुसत राहिले.

दिवस कलला तशी बाहेर बाइक थांबली. जयराजनं बाटली काउंटरवर ठेवली. सील जसंच्या तसं.

"अण्णा म्हणाले, प्राचीला चालतंय. म्हणून घेतली. पेठनाक्यावर चहाला थांबलो, आणि तिथूनच गाडी वळवली. म्हटलं, तुम्हाला हे चालणारच नाही..."

"आणि तुमचं प्रॅक्टिकल?"

"रद्द. प्राचार्यांची बोलणी खाईन."

मी बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"पत्राशिवाय ही मिळणार नाही," मी म्हणाले. "पण तुम्ही... तुम्ही मला आवडता. आज फार आवडलात."

"बाटलीसाठी मी दुसऱ्या गुरुवारपासूनच येत नाहीये, प्राची."

"आवं मास्तर!" दुकानामागच्या घरातून अण्णांची हाक आली. "दिवस बुडायच्या आत जेवतो आमी. या लवकर, ताट वाढलंय."

जयराजनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि तो चपला काढून आत गेला.