आतून घासलेला रंग

शनिवारी सकाळी नणंद-भावजय जुन्या सामानाच्या दुकानात गेल्या, त्या खरं तर आरशाच्या चौकटी बघायला. परत आल्या त्या टेम्पोत एक कपाट घालून.

कपाट कसलं, कपाटाचं पिल्लूच म्हणा. कमरेएवढं उंच, एकाच दाराचं, भक्कम लाकडाचं. अंगावर तपकिरी ऑइलपेंटचे थरावर थर, आणि दाराला बाहेरून लोखंडी कडी. आत मात्र एकही फळी नाही.

"फळ्या कुठे गेल्या हो?" वहिनीने दुकानात विचारलं होतं.

"आलं तेव्हाच नव्हत्या," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरात दोघीच. वहिनीचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. वन्सं टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं, आवाज मात्र अजून सात भिंती ओलांडून जाईल असा. घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे दोघींचा उद्योग चाले. जुनी वस्तू आणायची, खरवडायची, रंगवायची आणि रंग वाळला की मुद्दाम जागोजागी घासून खालचा रंग डोकावू द्यायचा. मग ती वस्तू कुणाच्या तरी घरात पन्नास वर्षं नांदल्यासारखी दिसते. वन्सं गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आम्ही जुन्याचं नवं करतो, आणि नव्याचं पुन्हा जुनं. मधल्या मध्ये म्हातारी मी होते."

खरा हात वहिनीचा. ती उगाच कुठेही घासत नसे. मुठीभोवती, दाराच्या कडेला, पायाशी जिथे केरसुणी लागते तिथे. प्रत्येक वस्तू समोर घेऊन ती आधी नुसती बसून राही, ही कोण वापरत असेल, डावखुरी की उजवी, उंच की ठेंगणी, असा विचार करत. मगच पॉलिश पेपर हातात घेई.

या कपाटाला गिऱ्हाईक लगेच मिळालं. शाळेतल्या एक बाई, सातवा महिना लागलेला. बाळाच्या कपड्यांसाठी हवं होतं. खाली निळा, वर सायीसारखा पांढरा. पुढच्या शनिवारी न्यायला येणार होत्या.

सोमवारी वहिनीने जमेल तेवढा जुना रंग खरवडला, भेगांत लांबी भरली, निळा हात दिला. मंगळवारी, वरचा रंग पुढे सहज घासला जावा म्हणून, जागोजागी मेणबत्ती घासून वर पांढऱ्याचे दोन हात, आतून बाहेरून. संध्याकाळी हाताला रंग लागेनासा झाला, तेव्हा दाराने पीळ धरू नये म्हणून तिने कडी लावून टाकली.

बुधवारी सकाळी कडी काढली आणि ती तिथेच उकिडवी बसली.

दाराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, पांढरा रंग गेला होता. एवढासा गोल, लहान मुलाच्या तळव्याएवढा. मधून निळा दिसत होता. कडा कशा, तर हळूहळू विरत गेलेल्या, अगदी ती स्वतः काढते तशा. कपाटाच्या तळाशी पांढरी पूड पडली होती.

"वन्सं, मला न विचारता हात साफ करून घेतलात वाटतं?" चहाच्या वेळी ती म्हणाली.

"मी? पॉलिश पेपर नुसता पाहिला तरी मला शिंका येतात. ऐकल्यास का शिंका?"

वहिनी हसली. पण शेडमध्ये जाऊन तिने तो भाग पुन्हा रंगवला, तेव्हा हसू मावळलं होतं. कारण तिथे कुणीच घासणार नाही. दाराच्या आत, खाली, मध्यभागी. तिथे कुणाचा हात जाईल? बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा तर नाहीच.

गुरुवारी दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. बाहेर मळभ होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेडकडून आवाज येत होता... खस्, खस्, खस्. मग जरा थांबून, दम खाल्ल्यासारखं, पुन्हा खस्, खस्. रोजच्या सवयीचा आवाज, त्यामुळे बराच वेळ तिच्या लक्षातही आलं नाही.

"वन्सं, राहू द्या ते," ती ओरडून म्हणाली. "मी येतेच आहे."

आवाज थांबला. एकदम. हात वरच्या वर धरून ठेवावा तसा.

आणि पुढचं दार उघडून, हातात औषधांची पिशवी घेऊन, वन्सं आत आल्या. "कुणाशी बोलतेयस गं?"

वहिनीने सुरी खाली ठेवली. ती शेडमध्ये गेली. कडी जागच्या जागी होती. ती काढायला तिने दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा काढली.

पांढरा गेला होता, निळा गेला होता, त्याखालचा तपकिरीही गेला होता. उघडं लाकूड दिसत होतं आणि मधोमध ते खोलगट झालं होतं. पायरीचा दगड शेकडो पावलांनी झिजतो तसं. एका दुपारचं ते काम नव्हतं. आतून वास येत होता. रंगाचा नव्हे, फार दिवस बंद राहिलेल्या ओल्या कपड्यांचा.

"हे कपाट मी त्या बाईंना देणार नाही," तिने वन्संना सांगितलं.

"शब्द दिलाय मी. पोटुशी बाई आशेने बसलीय."

"म्हणूनच देणार नाही."

"उंदीर असेल."

"उंदीर कुरतडतो, वन्सं. घासत नाही."

वन्सं म्हणाल्या, "उद्या दुपारी दोघी बसू तिथे. डोळ्यांनी बघू. तोवर कडी लाव."

शुक्रवारी जेवणं कशीबशी उरकून दोघी कपाटासमोर दोन स्टुलांवर बसल्या. पत्रे तापून मधूनच टणटणत होते. अर्धा तास गेला. वन्संची मान डुलायला लागली होती.

खस्.

वन्संनी वहिनीचं मनगट धरलं.

खस्, खस्, खस्... आता पॉलिश पेपरचा आवाज नव्हता तो. इतक्या जवळून नीट कळत होतं. नुसत्या कातडीचा होता. उघडा तळवा लाकडावर फिरावा, पुन्हा पुन्हा, तसा.

"कोण आहे?" वन्संनी विचारलं. आयुष्यभर तारेच्या दुसऱ्या टोकाला विचारलेला प्रश्न.

आतला हात थांबला. दोघींनी श्वास धरला. आणि मग तो पुन्हा सुरू झाला, भराभरा, घाईघाईने... आपलं कुणीतरी ऐकतंय हे कळल्यावर लहान मूल करतं तशी घाई. दाराच्या फटीतून पूड खाली सांडायला लागली.

"वहिनी," वन्सं कुजबुजल्या, "ते बाहेर यायला बघतंय."

वहिनीला भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या झिजेकडे ती दोन दिवस बघत होती आणि तिच्या मनातून एक हिशेब जात नव्हता: नुसत्या तळव्याने लाकूड एवढं झिजायला किती दिवस लागत असतील? आणि तेवढ्या दिवसांत एकदाही कुणी कडी काढली नसेल? ती उठली.

"वहिनी, नको..."

तिने कडी काढली आणि दार सताड उघडलं.

आत कुणी नव्हतं. पांढरी पूड, बाकी रिकामं. वहिनीने झिजलेल्या जागेवर बोटं ठेवली. लाकूड कोमट होतं.

त्याच संध्याकाळी तिने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार सुटं करून भिंतीला टेकवलं. शाळेतल्या बाईंना वन्संनी कपाटाला वाळवी लागल्याचं सांगितलं आणि दुसरं, नवंकोरं शेल्फ रंगवून दिलं. बाईंनी ते आनंदाने नेलं. पुढे त्यांना मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं.

दोघींनीही आठवडाभर आवाज ऐकला नाही. वहिनीला तर हलकं हलकं वाटत होतं. कुणाची तरी सुटका केली, असं तिने वन्संना बोलूनही दाखवलं. वन्सं म्हणाल्या, "सुटलं ते खरं. गेलं कुठे?"

ते आधी शेडमधल्या स्टुलाच्या पायावर दिसलं. खालच्या बाजूला रंग गेलेला, गुळगुळीत. मग स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीची कड. मग बोळातल्या भिंतीवर एक लांबच लांब पट्टा, जाता जाता हात लावत जावं तसा. एकदा रंगवला, दोनदा रंगवला. तिसऱ्यांदा वहिनीने ब्रश खाली ठेवला. वन्सं आता खोलीला आतून कडी लावून झोपतात आणि कुणी विचारलं तर म्हणतात, वाऱ्याने दार आपटतं.

शेवटी वहिनीच्या खोलीच्या दारावर ते आलं. बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा त्याने विचारलं, "दाराला काय झालं हे?" ती म्हणाली, "नवीन पद्धत आहे." तो म्हणाला, "छान दिसतंय," आणि दोन महिन्यांनी पुन्हा बोटीवर गेला.

त्यालाही आता बरेच महिने झाले. गुडघ्यापाशी दार आता झिजत नाही. तिथे धूळ बसलीय. पावसाळ्यात झीज कमरेपाशी आली होती. थंडीत छातीपाशी.

आज सकाळी वहिनी खोलीबाहेर आली, दार ओढून घेतलं आणि तशीच उभी राहिली. ताजी पूड उंबऱ्यावर पडली होती. झिजलेली जागा तिच्या डोळ्यांच्या वर गेली होती. तिने हात उंच करून आपला तळवा त्या जागेवर ठेवला. तो पुरला नाही. चारी बाजूंनी बोटभर उघडं लाकूड उरलं.